चुंगड्यातले आलू प्रदर्शनात मांडायचेत, पण सालीवर खपल्या येतात

काळीमाती_यवतमाळ:
तालुक्याच्या कृषी प्रदर्शनात फेब्रुवारीच्या शेवटी पाच आलूंचा संच मांडायचा आहे. वावरातली काळी माती आणि शेणखत अर्धं-अर्धं, वरून चुलीची राख, असं खताच्या रिकाम्या चुंगड्यात भरतो. वजन ठीक येतं, पण सालीवर तपकिरी खरबरीत खपल्या पडतात, काही आलू तडकतात. वाण कुफरी पुखराज. काय बदलू?

बांधावरून:
भाऊ, हा स्कॅब, म्हणजे आलूचा खपली रोग. आपल्या काळ्या मातीचा सामू (आम्ल-विम्लपणा, pH) बहुधा साडेसातच्या वर, त्यात चुनखडी. या रोगाच्या जिवाणूला तेच मानवतं आणि राख सामू अजून वाढवते. राख आधी बंद करा. काळी मातीही नको, सुकली की आवळते अन् आलू वेडेवाकडे होतात.

दोन पाट्या कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक पाटी पूर्ण कुजलेलं, चाळलेलं शेणखत. कोकोपीट दोनदा भिजवून पिळून घ्या, नाहीतर त्यातलं मीठ मुळ्या जाळतं. २५ ते ३० लिटर मिश्रणाला सिंगल सुपर फॉस्फेट २० ग्रॅम, सल्फेट ऑफ पोटॅश १२ ग्रॅम, अमोनियम सल्फेट ८ ग्रॅम. महिन्याने अमोनियम सल्फेट आणखी ८ ग्रॅम. युरियाऐवजी हेच, कारण ते सामू खाली ओढतं.

खरी मेख पाण्यात आहे. लागवडीनंतर साधारण ३० ते ३५ दिवसांनी आलू धरायला लागतात. तिथून चार-पाच आठवडे मिश्रण एकदाही सुकू देऊ नका. कोवळ्या सालीत रोग शिरतो तो याच दिवसांत, कोरडं पडलं की. मूठ आवळली तर गोळा व्हावा, पण बोटांतून पाणी गळू नये. तडकतात तेही याच्यामुळेच: चार दिवस कोरडं, मग एकदम बादलीभर.

परसबाग_अमरावती:
बेण्याचंही बघा. ४० ते ५० ग्रॅमचं अख्खं, प्रमाणित बेणं घ्या. खपली दिसली की बाजूला काढा, रोग बेण्यातूनही येतो. एका चुंगड्यात एकच आलू, त्याला दोन-तीनच कोंब. कोंब जास्त झाले की आलू बारीक राहतात.

चुंगड्यात मिश्रणाचे थर चढवत गेलं की वरपर्यंत आलू लागतात असं व्हिडिओत सांगतात. पुखराजसारख्या लवकर येणाऱ्या वाणाला ते लागू पडत नाही. भर घालायची ती उजेड अडवायला. पांढऱ्या चुंगड्यातून उजेड आत जातो, कडेला टेकलेला आलू त्या बाजूने हिरवा पडतो. बाहेरून तागाचं पोतं गुंडाळा आणि पश्चिमेला पऱ्हाट्यांचा (कपाशीच्या वाळल्या काड्यांचा) आडोसा करा.

काळीमाती_यवतमाळ:
विहिरीचं पाणी जड आहे, भांड्यात पांढरा थर धरतो. चालेल?

बांधावरून:
ते पाणी हळूहळू सामू वाढवतं. तो खाली आणायला तेवढ्याच मिश्रणात २० ग्रॅम गंधक पावडर कालवा, लागवडीच्या तीन आठवडे आधी, अन् तोवर ओलं ठेवा. कोरड्यात गंधक काम करत नाही. लागवड नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात उरका.

परसबाग_अमरावती:
काढणीच्या १० ते १२ दिवस आधी पाला जमिनीलगत कापून पाणी बंद करा. अंगठ्याने घासून साल सुटली तर अजून थांबा. फावडं न लावता चुंगडं ताडपत्रीवर उलटं करा. धुताना मऊ स्पंज, ब्रश नको. सावलीत सुकवून अंधारात ठेवा. पाच निवडताना सर्वात मोठा घेऊ नका, एकमेकांशी जुळणारे, उथळ डोळ्यांचे घ्या.