रडू अडून राहिले असताना ऐकण्यासारखी जपानी गाणी कोणती?

बाळीवेस यांचा प्रश्न

माझ्या वडिलांना जाऊन पुढच्या महिन्यात वर्ष होईल. अण्णांनी ३१ वर्षे अक्कलकोट रस्त्यावरील एका कारखान्यात यंत्रमाग चालवला. दवाखाना, दिवसकार्य, बँकेची कागदपत्रे, धाकट्या भावाची परीक्षा हे सारे मीच पाहिले आणि त्या धावपळीत माझे रडणे राहून गेले, ते आजपर्यंत राहिलेलेच आहे. मराठी गाणी लावून पाहिली. पण आकाशवाणीवरचा सकाळचा प्रत्येक अभंग अण्णांच्या शेजारी बसून ऐकलेला असल्यामुळे पहिल्या ओळीलाच मन सावध होते आणि मी रेडिओ बंद करून स्वयंपाकाला लागते.

गेल्या आठवड्यात हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याहून येताना शेजारी बसलेल्या मुलीने मला तिच्या फोनवरचे एक जपानी गाणे ऐकवले. बाईचा आवाज होता, एक शब्दही कळला नाही, तरी कुर्डुवाडीपासून सोलापूर येईपर्यंत माझा गळा दाटलेला होता. गाण्याचे नाव विचारायचे राहून गेले. अशी आणखी गाणी कोणती आहेत, आणि त्यांचा अर्थ आधी वाचावा की नंतर, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर: सोलापूरची, सध्या पुण्यात

मी जपानी शिकवते. गाडीत ऐकलेले गाणे नेमके कोणते होते हे सांगता येणार नाही, पण तुमच्या प्रश्नासाठी मी सर्वांत आधी ‘नादा सोसो’ हे गाणे निवडेन. र्‍योको मोरियामा या गायिकेने ते आपल्या अकाली गेलेल्या भावाच्या आठवणीत लिहिले आणि चाल ओकिनावातील ‘बिगिन’ या गायकवृंदाची आहे. जपानीत अश्रूंना ‘नामिदा’ म्हणतात. ‘नादा’ हा ओकिनावाच्या बोलीतला शब्द आहे, आणि नावाचा एकूण अर्थ ‘टपटप ओघळणारे अश्रू’ असा होतो. तुम्ही २००१ साली आलेले रिमी नात्सुकावा हिने गायलेले रूप ऐका. त्यात कोणी आक्रोश करीत नाही. जुना अल्बम चाळत एक बाई गेलेल्या माणसाला हळूच ‘आभारी आहे’ म्हणते आणि संध्याकाळच्या पहिल्या चांदणीकडे पाहते, एवढेच घडते.

दुसरे गाणे केन्शी योनेझु याचे ‘लेमन’, २०१८ सालचे. अनैसर्गिक मृत्यूंची कारणे शोधणाऱ्या डॉक्टरांवरील एका दूरचित्रवाणी मालिकेसाठी त्याने ते लिहायला घेतले होते, आणि ते लिहीत असतानाच त्याचे आजोबा वारले. छातीत उरून राहिलेला लिंबाचा कडवट वास ही त्यातली एक प्रतिमा मला फार खरी वाटते, कारण गेलेले माणूस आपल्याला चेहऱ्याच्या आधी वासातून आठवते, असा माझा अनुभव आहे.

तिसरे गाणे सर्वांत जुने आहे, पण मी ते मुद्दाम शेवटी ठेवते. १९६१ सालच्या ‘उए ओ मुइते आरुको’ या गाण्याच्या नावाचा अर्थ ‘वर पाहत चालू या’ असा आहे, आणि वर का पाहायचे, तर डोळ्यांतले पाणी खाली सांडू नये म्हणून. रोकुसुके एइ यांनी ते लिहिले, हाचिदाइ नाकामुरा यांनी चाल दिली आणि क्यू साकामोटो यांनी गायले. १९६३ साली ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोहोचले, तेही ‘सुकियाकी’ या नावाने. सुकियाकी हा मांसाचा एक पदार्थ आहे आणि गाण्याशी त्याचा काहीही संबंध नाही, याचे मला आजही वाईट वाटते. १२ ऑगस्ट १९८५ रोजी जपानमधील ज्या विमान अपघातात ५२० माणसे गेली, त्यांत साकामोटो होते. वय अवघे ४३.

अर्थाबद्दल माझे मत असे, की पहिल्या दोन वेळा तो वाचू नये. शब्द कळले की आपण ते बरोबर आहेत की नाहीत हे पाहू लागतो. न कळणाऱ्या भाषेत मात्र फक्त आवाज आत येतो. अर्थ तिसऱ्या वेळी वाचावा, म्हणजे तेच गाणे पुन्हा नव्याने लागते.

उत्तर: पेटीवाला

वरील उत्तरात एक भर घालतो. जपानी गाणी आपल्याला परकी वाटत नाहीत याचे एक कारण स्वरांत आहे. त्यांच्या पुष्कळ गाण्यांत ‘योनानुकी’ नावाची, म्हणजे चौथा आणि सातवा स्वर वगळलेली पाच स्वरांची मांडणी असते. मध्यम आणि निषाद काढले की उरतो तो आपला भूप राग. त्यांची दुसरी एक जुनी मांडणी सा, कोमल रे, मध्यम, पंचम, कोमल धैवत अशी आहे, आणि कोणताही विद्यार्थी ती पेटीवर वाजवून गुणकली राग म्हणून ओळखेल.

‘आकातोम्बो’, म्हणजे ‘लाल चतुर’ (चतुर हा उडणारा कीटक), हे गाणे शुद्ध भूपाच्या स्वरांत आहे. शब्द रोफु मिकी यांचे, १९२१ सालचे. चाल कोसाकु यामादा यांची, १९२७ सालची. सांभाळणाऱ्या मुलीच्या पाठीवरून सांजवेळी पाहिलेला चतुर, टोपलीत वेचलेल्या तुती, पंधराव्या वर्षी त्या मुलीचे लग्न होऊन जाणे, मग गावाकडची खबरही न येणे, आणि आज काठीच्या टोकावर बसलेला तसाच एक चतुर, असा तो चार कडव्यांचा प्रवास आहे. मिकी लहान असतानाच त्यांचे आईवडील विभक्त झाले होते, हे कळल्यावर त्या पाठीची ऊब वेगळीच जाणवते. भूप म्हणजे प्रसन्न राग असे आम्ही शिकवतो. या गाण्याने मला ते पुन्हा तपासायला लावले. दुःख स्वरांत नसून चालण्याच्या गतीत आहे. पावसाळ्यानंतर हिप्परग्याच्या तलावाकाठी चतुर दिसले की मला हेच आठवते.

माझी सूचना एवढीच, की नुसते ऐकू नका, सोबत गुणगुणा. जपानी अक्षरे देवनागरीत सहज लिहिता येतात. गाताना श्वास सोडावाच लागतो, आणि अडलेले रडणे बहुधा श्वासातच अडलेले असते. मात्र झोप किंवा जेवण सुटले असेल, तर गाण्यांवर न थांबता डॉक्टरांशी बोलावे.

उत्तर: सात रस्ता

कोणीतरी तुम्हाला ‘सेन नो काझे नि नात्ते’ सुचवीलच, म्हणून आधीच लिहितो: ते आत्ता ऐकू नका. मासाफुमी आकिकावा यांचा आवाज भव्य आहे, गाणे जपानमध्ये अतिशय लोकप्रिय आहे, पण ‘माझ्या थडग्यापाशी रडू नका, मी तिथे नाही, मी हजार वारे झालो आहे’ असे ते सांगते. ज्याचे रडून झाले आहे त्याला त्यातून धीर मिळत असेल. माझी आई गेल्यावर दुसऱ्याच आठवड्यात मी ते ऐकले आणि उगाच शहाण्यासारखा गप्प बसलो. त्या गप्प बसण्याचे ओझे मी दोन वर्षे वाहिले.

त्याऐवजी ‘हाना वा साकु’ ऐका. मार्च २०११ च्या भूकंप आणि त्सुनामीनंतर, २०१२ साली एनएचके वाहिनीने ते तयार केले. गीतकार शुंजी इवाइ आणि संगीतकार योको कान्नो दोघेही सेंदाइचे, म्हणजे ज्या भागावर ते संकट आले तिथलेच. ‘मी मागे काय ठेवले असेल?’ असा प्रश्न त्यात येतो. तो प्रश्न मला गेलेल्या माणसाच्या तोंडचा वाटतो, आणि त्याचे उत्तर देता देता रडू येते.

बाळीवेस यांचे उत्तर, नऊ दिवसांनी

सर्वांची मी ऋणी आहे. ‘नादा सोसो’ हेच गाडीतले गाणे होते. पहिल्या ओळीलाच ओळखले. पण रडू तेव्हा आले नाही. ‘लेमन’ ऐकून अण्णांच्या सदऱ्याचा सुताचा आणि तेलाचा वास आठवला, तरीही आले नाही.

काल रात्री आई झोपल्यावर गच्चीत बसून तिसरे गाणे लावले. सांगितल्याप्रमाणे अर्थ बाजूला ठेवून ऐकत होते. त्या गाण्यात मध्येच शब्द थांबतात आणि साकामोटो शीळ घालतात, हे कोणी लिहिले नव्हते. कारखान्यात मागांच्या खडखडाटात कोणाचे बोलणे कोणाला ऐकू जात नसे. मी डबा घेऊन दारात उभी राहिले, की अण्णा मान वळवून शिळेनेच मला ‘थांब, आलो’ म्हणत.

गाणे संपल्यावर मी ते पुन्हा लावले. पहाटे आई वर आली, माझ्या शेजारी बसली, आणि तिनेही ते ऐकले.