मदत हवी आहे : ब्रेमेनहून अमेरिकेला आलेल्या पूर्वजाचं गाव कसं शोधावं?

मी विस्कॉन्सिनमध्ये राहते. माझ्या सासूबाई इथल्याच, जर्मन वंशाच्या. त्यांचे खापरपणजोबा १८५० च्या दशकात ब्रेमेनहून शिडाच्या जहाजाने न्यूयॉर्कला उतरले, एवढीच घरात चालत आलेली माहिती. सासूबाईंना त्यांचं मूळ गाव बघायचंय, आणि शोधाशोध अर्थातच सूनबाईकडे!

हॅम्बुर्ग या दुसऱ्या जर्मन बंदराच्या प्रवासी याद्या १८५० पासून टिकल्या आहेत. आमचे खापरपणजोबा मात्र नेमके ब्रेमेनचे प्रवासी, आणि तिथे जागा नाही म्हणून जुन्या याद्या चक्क नष्ट केल्या जात. न्यूयॉर्कच्या यादीत आडनाव 'मायर' आणि देश 'हानोव्हर' एवढंच. हानोव्हर तेव्हा अख्खं राज्य होतं आणि मायर तिथे पैशाला पासरी. १८६० च्या जनगणनेतही जन्मस्थान म्हणून हानोव्हरच. एलिस आयलंड (न्यूयॉर्क बंदरातलं स्थलांतरितांच्या नोंदणीचं केंद्र) सुचवू नका प्लीज, ते १८९२ मध्ये सुरू झालं.

आता भिस्त ल्यूथरन चर्चच्या नोंदवह्यांवर. लग्न किंवा दफनाच्या नोंदीत कधीकधी मूळ गाव लिहिलेलं असतं म्हणे. तिथल्या एका नोंदीचा फोटो मिळालाय, पण अक्षर कुरेंट, म्हणजे जुन्या जर्मन हस्ताक्षराच्या वळणाचं. मोडीसारखंच, भाषा येत असली तरी वाचता येईलच असं नाही. कुणाला वाचता येतं का? आणि त्या काळातले नागरिकत्वाचे अर्ज काउंटी कोर्टातच शोधायचे की आणखी कुठे? पुण्यात मॅक्सम्युलर भवनात जर्मन शिकलेल्यांनी तर नक्की सांगा.