मदत हवी आहे: टेक्सासमध्ये शाळेकडून स्पेशल एज्युकेशनची तपासणी कशी मागायची?

सावनी_डॅलस

नमस्कार मंडळी,

मुलगा दुसरीत आहे, इथल्याच पब्लिक स्कूलमध्ये. गोष्ट ऐकवली की दुसऱ्या दिवशी फोनवर आजीला तीच रंगवून सांगतो. पण पुस्तक हातात दिलं की अडतो. या ओळीत वाचलेला शब्द पुढच्या ओळीत त्याला नवा वाटतो. स्पेलिंग रात्री पाठ असतं, सकाळी पाटी कोरी. आता अभ्यासाला बसवलं की रडू येतं त्याला, आणि परवा त्यानं विचारलं, "आई, मी ढ आहे का?"

शाळेनं पहिलीपासून त्याला वाचनाच्या छोट्या ग्रुपमध्ये घेतलंय. बाई मनापासून शिकवतात. पण तपासणीचा विषय काढला की उत्तर ठरलेलं: घरी मराठी बोलता, दोन भाषांमुळे वेळ लागतो, आधी ग्रुपचा उपयोग होतो का बघू. गेल्या वर्षीही हेच ऐकलं. मला हे पटत नाही, कारण रविवारच्या मराठी शाळेतही तो असाच अडखळतो, आणि मराठी तर त्याची जन्मापासूनची भाषा.

स्कूल डिस्ट्रिक्ट (इथल्या पब्लिक स्कूल चालवणारी संस्था) अशी मुलं स्वतःहून शोधतं, की पालकांनी मागणी करायची असते? शाळा थांबा म्हणत असताना मागता येतं का? बाहेर तपासणी करायची तर खर्च हजारो डॉलर सांगतात. नवऱ्याला भीती की मुलावर शिक्का बसेल, शिवाय आम्ही एच-वन-बीवर. सासूबाई म्हणतात, याचा बाबाही उशिराच वाचायला लागला, होईल आपोआप.

कुणी यातून गेलं असेल तर कृपया सांगा.

मेधा_ऑस्टिन

सावनी, मी इथे स्पेशल एज्युकेशनची शिक्षिका आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

शोधायची जबाबदारी कायद्यानं डिस्ट्रिक्टवरच आहे. तिला 'चाइल्ड फाइंड' म्हणतात. डिसॅबिलिटी असलेल्या मुलांच्या शिक्षणाचा हा मूळ केंद्रीय कायदा 1975 चा, 1990 पासून त्याचं नाव 'आयडिया'. खाजगी शाळेतली, बेघर कुटुंबांतली, अगदी दरवर्षी पास होत वर जाणारी मुलंसुद्धा त्यात येतात. शाळेला शंका येते ती सुरुवातीच्या वर्गांतल्या वाचनाच्या चाचण्यांवरून, वर्गशिक्षिकेच्या सांगण्यावरून किंवा ग्रुपमधल्या प्रगतीच्या नोंदींवरून. हे सगळं शाळेच्या हातात. पालकांची मागणी हा चौथा रस्ता, तो तुमच्या हातात आहे आणि तो आजच वापरा.

तोंडी बोलणं पुरेसं नाही. प्रिन्सिपल आणि डिस्ट्रिक्टच्या स्पेशल एज्युकेशन डायरेक्टर, दोघांना ईमेल करा. टेक्सासमध्ये लेखी मागणी आली की शाळेला 15 शालेय दिवसांत उत्तर द्यावं लागतं: एकतर तपासणीसाठी तुमची संमती मागायची, नाहीतर नकार कारणांसह लेखी द्यायचा. संमतीवर सही झाली की साधारणपणे 45 शालेय दिवसांत रिपोर्ट, आणि त्यानंतर एआरडी मीटिंग, म्हणजे मूल स्पेशल एज्युकेशनसाठी पात्र आहे का हे पालक आणि शाळा मिळून ठरवतात ती बैठक. पैसे लागत नाहीत. मात्र शालेय दिवस मोजताना सुट्ट्या धरत नाहीत, म्हणून उन्हाळ्याच्या तोंडावर पत्र पाठवलं तर रिपोर्ट लांबतो.

ग्रुप चालू आहे म्हणून तपासणी लांबवता येत नाही. केंद्रीय शिक्षण खात्यानं जानेवारी 2011 मध्ये सगळ्या राज्यांना हे लेखी कळवलंय. त्यात आपल्या राज्याचा इतिहास वाईट. 2004 पासून इथे स्पेशल एज्युकेशनमधल्या मुलांचं प्रमाण 8.5 टक्क्यांच्या आत ठेवण्याचा दबाव डिस्ट्रिक्टवर होता. 2016 मध्ये 'ह्यूस्टन क्रॉनिकल'नं ते उघडकीला आणलं, 2017 मध्ये विधिमंडळानं अशा मर्यादेवर बंदी घातली, आणि 2018 मध्ये केंद्रानं राज्यानं कायदा मोडल्याचा निष्कर्ष काढला. ग्रुपच्या नावाखाली तपासणीविना अडकलेली मुलं आता मोठी झाली आहेत. माझा राग त्याच्यावर आहे, तुमच्या बाईंवर नाही.

भाषेचं म्हणाल तर, केवळ इंग्रजी कच्चं म्हणून मुलाला स्पेशल एज्युकेशनसाठी पात्र ठरवता येत नाही हे खरं. पण कारण भाषा आहे की आणखी काही, हे तपासूनच कळणार ना? तपासणी शक्य तिथे मुलाच्या भाषेत व्हावी असंही कायदा म्हणतो. एक सांगते, आठवड्यातून एकदा भरणाऱ्या मराठी शाळेत वाचन मागे आहे एवढ्यावरून फारसं सिद्ध होत नाही. त्यापेक्षा तोंडी करून बघा: 'कमळ'मधला 'क' काढला तर काय उरतं? 'पाटी'शी जुळणारा शब्द कोणता? जी भाषा तो सहज बोलतो तिच्यातही हे जड जात असेल, तर ते पत्रात जरूर लिहा.

न्यूजर्सीकर_बाबा

मेधाताईंनी सगळं सांगितलंय, मी तुमच्या मिस्टरांसाठी लिहितो. शिक्क्याची भीती मलाही होती. पण मुलीनं स्वतःला जो शिक्का मारून घेतला होता, तो तुमच्या मुलाच्या प्रश्नात आहे तोच. तपासणीनंतर तिला कळलं की वाचनाची अडचण आणि हुशारी या वेगळ्या गोष्टी आहेत.

व्हिसाचा इथे संबंध नाही. इमिग्रेशन स्थितीवरून पब्लिक स्कूल नाकारता येत नाही, हा सुप्रीम कोर्टाचा 1982 चा निकाल टेक्सासच्याच खटल्यातला. स्पेशल एज्युकेशन त्याच शिक्षणाचा भाग आहे.

आणि सासूबाई म्हणाल्या ते हसण्यावारी नेऊ नका. डिस्लेक्सिया, म्हणजे हुशारी असूनही वाचन आणि स्पेलिंग जड जाणं, घराण्यात चालत येतो. बाबांचं उशिरा वाचणं ही थांबायची नाही, तपासायची खूण आहे.

सावनी_डॅलस

खूप खूप आभार. नवऱ्याला दोन्ही प्रतिसाद वाचून दाखवले. त्यानं शांतपणे सांगितलं की चौथीपर्यंत तो धडे ऐकून पाठ करायचा, घरी कुणाला ठाऊकच नव्हतं. आज रात्री दोघं मिळून पत्र लिहितोय. 'कमळ' करून बघितलं, जमलं नाही. पत्रात 'डिस्लेक्सिया' शब्द लिहू की नको? डॉक्टरांचा कागद आमच्याकडे नाही. आणि रिपोर्ट पटला नाही तर?

मेधा_ऑस्टिन

लिहा. "डिस्लेक्सियासह वाचनाशी संबंधित डिसॅबिलिटीची शंका आहे, आयडिया कायद्याखाली पूर्ण तपासणी करावी" एवढं स्पष्ट असू द्या. मागणी करायला डॉक्टरांचा कागद लागत नाही. खाली तुमची निरीक्षणं, नवऱ्याचा अनुभव, आणि घरच्या लिखाणाचे दोन-तीन नमुने जोडा. तारीख घाला, प्रत जपून ठेवा.

रिपोर्ट पटला नाही तर डिस्ट्रिक्टच्या खर्चानं बाहेरच्या तज्ज्ञाकडून स्वतंत्र तपासणी मागता येते. ती नाकारायची असेल तर त्यांना स्वतः सुनावणीसाठी अर्ज करून आपली तपासणी योग्य होती हे सिद्ध करावं लागतं. उत्तर आलं की इथेच टाका, एआरडीला जायच्या आधी आपण रिपोर्टवर बोलू.