जुनी सिटी २५ एमएम खाली घेतली तरी कंबर शाबूत राहते, माझं मत. पटत नसेल तर कारणासकट बोला

जुनी_आयव्हीटेक

गाडी २०१० ची होंडा सिटी, आयव्हीटेकवाली. इंजिन अजून एक नंबर चालतं, पण बाजूने बघितलं की टायर आणि मडगार्डमधली फट डोळ्यात खुपते, आणि एक्सप्रेसवेला १०० वर लेन बदलताना गाडी जी डुलते ते मला अजिबात आवडत नाही. पुढचे शॉकअप तेल सोडायला लागलेत म्हणजे खर्च होणारच आहे, मग त्याच कामात गाडी २५ एमएम खाली का घेऊ नये? ज्याला विचारावं तो एकच सांगतो, खाली घेतली की कंबर गेली. मला हे पटत नाही. कंबर जाते ती अर्धवट कामामुळे. लोक स्प्रिंगा कापतात, जुनेच शॉकअप ठेवतात, वर १७ इंची चाकं चढवतात आणि मग दोष लोअरिंगला.

माझा प्लॅन, चांगल्या कंपनीच्या लोअरिंग स्प्रिंगा, २५ च्या वर एक एमएम नाही. चारी शॉकअप नवीन, वरची माउंटिंग नवीन, बंपस्टॉप (चाक पूर्ण वर आलं की शेवटचा धक्का झेलणारा ठोकळा) नवीन. टायर कंपनीचाच साइज, १७५/६५ आर१५, म्हणजे जवळजवळ ११४ एमएमची साइडवॉल तशीच राहते आणि बारीक धक्के तीच खाते. मागे वडील बसतात, त्यांना मणक्याचा त्रास आहे, त्यामुळे कम्फर्टचा विषय मी हलक्यात घेत नाहीये. नुसतं 'आपले रोड तसले नाहीत' एवढंच नका लिहू प्लीज.

घाटमाथा

कारणासकट सांगतो. गाडी उभी असताना चाकाला वर सरकायला समजा ८० एमएम जागा आहे. तुम्ही २५ खाली घेतली, उरली ५५. आता खड्डा तोच, दणका तोच, तो ५५ मध्ये जिरवायचा तर स्प्रिंग किती कडक पाहिजे? स्प्रिंगमध्ये साठणारी ऊर्जा अंतराच्या वर्गाप्रमाणे वाढते, म्हणजे ८० भागिले ५५ चा वर्ग करा, दुपटीच्या वर जातं. एवढी कडक स्प्रिंग कुणी देत नाही आणि दिली तर तुम्हीच आठवड्यात काढून टाकाल. मग उरलेला दणका जातो कुठे? आधी बंपस्टॉपवर, तो संपला की थेट बॉडीवर, आणि तिथून मागे बसलेल्याच्या मणक्यात.

उंची आणि कम्फर्ट वेगळे काढताच येत नाहीत, चाकाचा प्रवास हाच कम्फर्ट आहे. आणि पावसाळ्यात मुंबई-गोवा हायवेच्या कामाच्या पट्ट्यात किंवा वरंधा घाटात पाणी भरलेला खड्डा किती खोल आहे हे चाक आत गेल्यावरच कळतं, तेव्हा ते २५ एमएम म्हणजे सेफ्टी आहे.

जुनी_आयव्हीटेक

गणित बरोबर आहे पण ते सगळ्यात मोठ्या खड्ड्याचं गणित आहे. रोजच्या रस्त्यावर पुलाचे जॉइंट, डांबराचे पॅच, खडी निघालेली जागा, यात चाक १५-२० एमएमच हलतं, तिथे ५५ आणि ८० ने काय फरक पडणार? तिथे फरक पडतो स्प्रिंग किती कडक आणि शॉकअप कसा याने. स्प्रिंग ३० टक्के कडक घेतली तर गाडीची फ्रिक्वेन्सी, म्हणजे सेकंदाला ती किती वेळा वरखाली झुलते ते, वर्गमुळाच्या हिशोबाने वाढते, म्हणजे १४ टक्के फक्त. आधी १.३ हर्ट्झ असेल तर १.५ च्या जवळ जाईल. साध्या सेडान साधारण १ ते १.५ मध्येच असतात, म्हणजे थोडी घट्ट सेडान झाली, रेस कार नाही झाली.

आणि बंपस्टॉप म्हणजे काही दगड नाही हो, तो बारीक छिद्रांचा फोम असतो, दाबत जाल तसा हळूहळू कडक होतो. कंपन्या स्वतः त्याला दुसरी स्प्रिंग धरूनच सस्पेन्शन बसवतात.

शॉकअपवाला_सांगली

दोघांचंही थोडं थोडं बरोबर आहे, मी रोज हेच काम करतो म्हणून बोलतो.

पहिलं, स्प्रिंग कापायचा विषय कुणी काढूच नका. स्प्रिंगचे चालू वेढे कमी झाले की ती कडक होते, सहा वेढ्यातला एक काढला की २० टक्के कडक झाली, आणि प्रवास कमी झाला तो वेगळाच. म्हणजे जागा कमी आणि धक्का जास्त. परवा एक गाडी आली, बाहेर कुणीतरी गॅसने तापवून स्प्रिंग दाबून बुटकी केलेली. जॅकवर घेतली, चाक लोंबलं आणि स्प्रिंग सीटवर मोकळी झाली, हाताने फिरवली तर फिरत होती. खड्ड्यात चाक खाली गेलं की टणकन आवाज यायचा, मालकाला वाटत होतं लिंक रॉड गेला. तापवलेल्या स्टीलचं पाणी गेलेलं असतं, ती कधी बसेल कधी तुटेल काही सांगता येत नाही.

दुसरं, कडक स्प्रिंगला साधा नवीन शॉकअप पुरत नाही. दबलेली स्प्रिंग परत उसळते ना तेव्हा तिला धरून ठेवायचं काम शॉकअपचं, इंजिनिअर लोक त्याला रिबाउंड म्हणतात. स्टॉकचा शॉकअप स्टॉकच्या स्प्रिंगच्या मापाने भरलेला असतो. वर कडक स्प्रिंग टाकली की गाडी एका खड्ड्यात दोनदा हलते, आणि गिऱ्हाईक म्हणतं हार्ड झाली. खरं तर ती सैल झालेली असते. म्हणून घ्यायचे तर लोअरिंगसाठीचे, बुटक्या बॉडीचे शॉकअप घ्या, त्याने गेलेला प्रवास थोडा परत मिळतो. पण दांडा जास्त आत गेला म्हणजे टायर पण जास्त वर गेला, तो मडगार्डच्या आतल्या लायनरला लागत नाही ना हे स्टिअरिंग पूर्ण वळवून बघायचं.

आणि मुख्य म्हणजे दादा, इतक्या वर्षांची गाडी आहे, आधी ती आहे किती खाली ते बघा. चाकाच्या मधल्या बिंदूपासून मडगार्डच्या कडेपर्यंत चारी बाजूला टेप लावा. जुन्या स्प्रिंगा बसतात, डावी उजवी सारखी येत नाही बऱ्याचदा. पुढचं धुळीचं रबर वर सरकवून बंपस्टॉप बघा, या वयाच्या गाडीत काळा चुराच पडतो हातावर. म्हणजे सध्याच गाडी बंपस्टॉपशिवाय चालली असेल तर तुम्ही कम्फर्ट म्हणताय तो मुळात शिल्लक आहे का?

मागची_सीट

मी गाडी चालवत नाही, मागे बसते, म्हणून माझंही ऐका. आमच्या घरी दुसरी एक जुनी सेडान अशीच खाली घेतली होती, चांगल्या स्प्रिंगा टाकून, कापून नाही. मालक पुढे बसून म्हणायचे काही फरक नाही, आणि मागे सासूबाई प्रत्येक गतिरोधकाला हँडल धरून उठायच्या. पुढे बसणारा पुढच्या-मागच्या चाकांच्या मध्ये असतो हो, मागचा जवळजवळ ॲक्सलवरच बसलेला असतो. तुम्ही जे पुढे बसून ठरवता ते मागच्याला लागू होत नाही. तुमच्या वडिलांना मागे बसवून सिंहगड रोडला एक चक्कर मारा आणि ते काय म्हणतात तेवढंच इथे लिहा, हर्ट्झ नको.

जुनी_आयव्हीटेक

ताई हा मुद्दा एकदम मान्य, म्हणूनच मागे पुढे एकाच मापाने खाली घेणार नाही. १९३० च्या दशकात जनरल मोटर्समध्ये मॉरिस ऑली नावाच्या इंजिनिअरने यावर काम केलं होतं. उंचवट्यावर आधी पुढची चाकं चढतात, मागची नंतर, त्यामुळे मागची बाजू पुढच्यापेक्षा जरा जास्त फ्रिक्वेन्सीची ठेवली तर ती पुढच्याला गाठते आणि गाडी झुलायची थांबते. लोअरिंगमध्ये लोक पुढचं टोक जास्त खाली आणि कडक करून हेच बिघडवतात. मी पुढे २५ घेईन, मागे २० च, आणि स्प्रिंगा जोडी म्हणून मापलेल्या असतील त्याच घेईन. मागचं झुलणं कमी झालं तर वडिलांना उलट बरं वाटेल असं माझं म्हणणं आहे.

घाटमाथा

ऑली ठीक आहे, पण मागे चौघांचं सामान आणि मेमध्ये आंब्याच्या पेट्या भरल्या की मागचं टोक तसंच खाली येतं, तुमचे २० तिथे आधीच गेलेले असतात.

आणि हँडलिंगसाठी करताय तर तेही तपासा. पुढे मॅकफर्सन स्ट्रट आहे, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअप एकाच खांबात. गाडी खाली बसली की लोअर आर्मची बाहेरची बाजू वर जाते आणि रोल सेंटर, म्हणजे वळणावर गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो, गाडीच्या वजनाच्या मध्यापेक्षा जास्त घसरतो. म्हणजे वळणावर गाडीला कलंडवणारा हात लांब होतो, कडक स्प्रिंगने जे मिळवलं त्यातलं काही इथे जातं. स्टिअरिंगच्या टाय रॉडचा कोन बदलतो म्हणून टो (चाकांची तोंडं किती आत-बाहेर वळलीत ते) बदलतो, अलाइनमेंट नाही केली की टायर आतल्या बाजूने खातो. मागे टॉर्शन बीम ॲक्सल, म्हणजे दोन्ही चाकं जोडणारी एकच आडवी तुळई, तिथे ॲडजस्ट करायला काही नसतं.

गतिरोधकाचं पण बोलू. इंडियन रोड काँग्रेसच्या मापाचा गोल गतिरोधक १० सेंटीमीटर उंच आणि ३.७ मीटर लांब असतो, त्यावरून सिटी खाली घेतली तरी आरामात जाईल. पण गल्लीत सोसायटीवाले रात्रीत जे डांबराचे उंच, आखूड उंचवटे टाकतात ते कुठल्या मापाचे? सिटीला कंपनीकडूनच १६० एमएमच्या आसपास क्लिअरन्स, पाच माणसं बसल्यावर किती उरतं बघा. त्यातून २५ घालवायचे आणि इंजिनखालचा तेलाचा चेंबर फुटला की हजारो घालायचे, तेही रस्त्यात.

नियमात_राहू

एक बाजू कुणीच बोलत नाहीये. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की आरसीतली माहिती कंपनीने दिलेल्या मूळ माहितीपेक्षा वेगळी होईल असा बदल करायचा नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने हे कडक शब्दांत सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२अ आलं, परवानगी नसलेले पार्ट बसवून बदल केला तर मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही. आरसीत ग्राउंड क्लिअरन्सचा रकाना नसतो म्हणून लोक म्हणतात चालतं, मी म्हणतो अपघातानंतर इन्शुरन्सच्या सर्व्हेअरसमोर हा वाद घालायची वेळ का आणायची?

स्टुटगार्टकर

इकडे जर्मनीत लोअरिंग स्प्रिंगा कायदेशीर मिळतात. स्प्रिंगसोबत त्या गाडीसाठी तपासल्याचा कागद येतो, मग टीयूव्हीसारख्या वाहन तपासणी संस्थेत गाडी दाखवायची, हेडलाइटची लेव्हल आणि चाक घासत नाही ना ते बघतात आणि नोंद करून देतात. माझी गाडी ३० एमएम खाली आहे, आई इथे आली होती तेव्हा दिवसभर मागे बसून फिरली, तक्रार नाही. पण हेही सांगतो, तीच गाडी मी सांगलीत आमच्या गल्लीत नेणार नाही. ज्या स्प्रिंगा तुम्ही मागवणार त्या इकडच्या रस्त्यांसाठी मापलेल्या आहेत हे डोक्यात असू द्या.

जुनी_आयव्हीटेक

कायद्याचा मुद्दा मला सगळ्यात जड वाटतो, त्याला माझ्याकडे सरळ उत्तर नाही. आपल्याकडे पण तपासून नोंद करून द्यायची सोय पाहिजे असं मनापासून वाटतं, म्हणजे कापलेल्या स्प्रिंगवाले आणि नीट काम करणारे एकाच टोपलीत पडणार नाहीत.

बाकी कम्फर्टबद्दल माझं मत तेच. मूळ उंचीवर गेलेले शॉकअप आणि चुरा झालेले बंपस्टॉप घेऊन फिरणाऱ्या गाडीपेक्षा सगळं नवीन असलेली २५ खाली गाडी मागच्याला जास्त सुखाची असणार.

घाटमाथा

ही तुलनाच चुकीची आहे. नवीन शॉकअप, नवीन माउंटिंग, नवीन बुश हे सगळं स्टॉक उंचीवर पण बसतं ना? मग खराब स्टॉकशी नाही, नव्या स्टॉकशी तुलना करा. तुम्हाला जे डुलणं आवडत नाही ते निम्म्याच्या वर शॉकअप गेल्यामुळे आहे, लिहून देतो. आणि फट डोळ्यात खुपते तर १९५/६० आर१५ टाका, टायर २० एमएम रुंद, साइडवॉल ११७, बाहेरचा व्यास साडेसहा एमएमच वाढतो, स्पीडोमीटरला एक टक्का फरक. कमान भरलेली दिसते आणि कम्फर्ट उलट वाढतो. रिमची रुंदी आणि आत घासतं का तेवढं बघून घ्या.

शॉकअपवाला_सांगली

हे मला पटतं, क्रम असाच ठेवा. आधी स्टॉक स्प्रिंग आणि नवे शॉकअप, बुश, माउंटिंग, बंपस्टॉप. मग मागच्या शॉकअपच्या दांड्याला एक झिप टाय बांधा, धुळीचं कव्हर वर सरकवून, शॉकअपच्याच बॉडीला टेकवून. नेहमीच्या रस्त्याने जाऊन या. शॉकअप जेवढा दबला तेवढा टाय वर सरकलेला दिसतो, तिथून बंपस्टॉपपर्यंत किती जागा राहिली ते टेपने मोजा. ३० राहिली तर २० खाली घ्यायचा विचार करा. १० राहिली तर स्प्रिंगचे पैसे वाचवा. यात माझं मत नको, त्यांचं नको, टाय जिथे थांबला ते खरं. दांडा पुसून घ्या फक्त, टायला खडा चिकटला की दांड्यावर चरा पडतो आणि सील जातं.

जुनी_आयव्हीटेक

हे करतो. शॉकअप सांगितलेत, येतील तेव्हा स्टॉक स्प्रिंगवरच बसवतो आणि टाय बांधतो. जागा राहिली तर मात्र मी खाली घेणार, ते आत्ताच सांगून ठेवतो.

घाटमाथा

जागा राहिली तरी मी नाही म्हणणार, कारण नेहमीचा रस्ता म्हणजे जून ते सप्टेंबरचा रस्ता नाही. पाऊस सुरू झाल्यावर टाय परत बांधा.

मागची_सीट

आणि मोजाल तेव्हा मागे तीन माणसं बसवा, डिकी भरा. रिकाम्या गाडीवर एकट्याने चक्कर मारून आलेलं माप आम्हाला चालणार नाही.