‘कुंकू’ आणि बंद केलेला कूलर

‘प्रभात’ फिल्म कंपनीचे जुने बोलपट म्हणजे केवळ संतपट, हे मत मला पटत नाही. ‘संत तुकाराम’ (१९३६) माझ्याही आवडीचा आहे, आणि त्यात तुकारामाची भूमिका करणाऱ्या विष्णुपंत पागनीसांइतकीच, किंबहुना कांकणभर अधिक, आजारी लेकराला घेऊन विठोबाशी भांडायला थेट देवळात जाणारी गौरीबाईंची जिजाई मला आवडते. तरीही माझी पहिली पसंती व्ही. शांताराम यांच्या ‘कुंकू’ला (१९३७) राहील. ना. ह. आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरील या चित्रपटात जरठ वकील काकासाहेबांशी फसवून लग्न लावून दिलेली नीरा रडत बसत नाही. ती हे लग्नच मान्य करीत नाही. नीरेची भूमिका करणाऱ्या शांता आपटे यांनी त्यात अमेरिकन कवी लाँगफेलोची इंग्रजी कविताही गायली आहे.

या चित्रपटाला पार्श्वसंगीत नाही, जे ऐकू येते ते घरातले आणि रस्त्यावरचे साधे आवाज, हे मला फार उशिरा उमगले. नागपुरात ऐन मे महिन्यात आम्ही तो घरी पाहत होतो आणि कूलरच्या घरघरीत ते सारे बुडून जात होते. शेवटी आजीने, “बंद कर रे तो, काही ऐकू येऊन नाही राहिलं,” असे फर्मावले. मग घामाने निथळत आम्ही उरलेला चित्रपट पाहिला. काकासाहेबांची भूमिका करणाऱ्या केशवराव दात्यांचा पडत गेलेला स्वर तेव्हा कुठे नीट कानी आला, आणि ज्याचा आतापर्यंत केवळ राग येत होता, त्या म्हाताऱ्याची आजीलाही कीव आली.