अनुभव धागा: प्रार्थनेला उत्तर येत नव्हतं, तेव्हाचे दिवस

चर्चच्या उपासनेत साक्ष दिली जाते ती बहुधा संकट सरल्यावरची. आजार बरा झाला, काम मिळालं, मग आपण उभं राहून देवाची स्तुती करतो. मला ऐकायचंय ते मधल्या दिवसांबद्दल. तेव्हा देवाला कसं धरून राहिलात? शेवट गोड झाला नसला तरी लिहा. सुरुवात मी करते.

यजमान चौदा महिने अंथरुणाला खिळून होते. पहिले काही महिने मी तोंड भरून प्रार्थना केली, नंतर शब्दच आटले. आई म्हणाली, "तुला सुचत नाही ना, मग दावीदाचे शब्द घे." तिने बायबलमधलं दावीद राजाचं 13 वं स्तोत्र काढून दिलं. सहा वचनं, आणि पहिल्या दोनांतच "कोठवर" चार वेळा. मला वाटायचं, विश्वासणाऱ्याने देवाकडे तक्रार करायची नसते. इथे तर ती तक्रार पवित्र शास्त्रातच होती! पुढे 88 वं स्तोत्र वाचलं. ते अंधारातच संपतं, शेवटी आशेची एक ओळही नाही. तरी ते प्रार्थना म्हणूनच जपलं गेलंय. त्या दिवसांत याचा मला केवढा आधार झाला, सांगता येत नाही.

ते बरे झाले नाहीत. गेले त्या रात्री मी देवाला खूप बोलले, रागाने बोलले. पण बोलले त्याच्याशीच. माझा भरवसा तिथून पुन्हा उभा राहिला असं आज वाटतं.

नोकरी गेलेला एक बाप

ताई, तुमचं वाचून धीर आला म्हणून लिहितोय. अकरा महिने घरी होतो. रात्री पडल्या पडल्या हिशेब चालायचा: पुढचा महिना, मुलांची फी, हप्ता. चर्चच्या पाळकांनी बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाचा 16 वा अध्याय वाचायला सांगितला. मान्ना, म्हणजे रानात देव इस्राएली लोकांना देत असलेलं अन्न, रोजच्या रोज गोळा करायचा, उद्यासाठी ठेवला तर त्यात किडे पडायचे. शब्बाथाच्या, म्हणजे विश्रांतीच्या सातव्या दिवसाच्या, आदल्या दिवशी मात्र दुप्पट. मी एक वही केली. रोज संध्याकाळी एकच गोष्ट लिहायची, आजचा दिवस कशाने निभावला. काही पानं कोरी आहेत, तीही तशीच ठेवलीत. सगळ्यात जड गेलं ते भावाकडे पैसे मागणं. देवाकडे दिवसरात्र मागत होतो, आणि त्याने माणसाच्या हातून पाठवलेलं घ्यायला लाजत होतो. नंतर काम मिळालं, आधीपेक्षा कमी पगाराचं. वही अजून चालू आहे.

एक तरुणी

माझं संकट बाहेरून दिसत नव्हतं. सकाळी उठायचीच इच्छा नसायची. "उपवास कर, वचन वाच, सैतानाला धमकाव," असं बरंच ऐकलं. एलीया संदेष्ट्याची गोष्ट लहानपणापासून माहीत होती, पण बायबलमधल्या 1 राजे या पुस्तकाचा 19 वा अध्याय तेव्हा नव्याने वाचला. तो झुडपाखाली बसून मरण मागतो. देव त्याला झापत नाही. दूत येतो, भाजलेली भाकर आणि पाणी देतो. तो खातो, पुन्हा झोपतो. दूत दुसऱ्यांदा उठवतो आणि म्हणतो, वाट तुला झेपणार नाही, खाऊन घे. देवाची मंद वाणी ऐकू येते ती फार पुढे, चाळीस दिवसांची वाट संपल्यावर होरेब डोंगरापाशी. हे वाचून मी डॉक्टरांकडे गेले. गोळ्या घेते आणि प्रार्थनाही करते. दोन्हींत मला भांडण दिसत नाही.

बाळ गमावलेली आई

एक कळकळीची विनंती. दुःखात असलेल्याला लगेच "यात देवाची काहीतरी योजना असेल" असं म्हणू नका. आठव्या महिन्यात माझं बाळ गेलं आणि त्या आठवड्यात हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, जाणंच सोडलं. बायबलमधल्या, सगळं गमावलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले, तोवर ते खरे मित्र होते. बोलायला लागले आणि बिघडलं. शेवटी देवानेच त्यांना सांगितलं की माझ्याविषयी तुम्ही नीट बोलला नाहीत. माझ्याकडे एक मैत्रीण रोज यायची, कपडे घडी करून ठेवायची, माझ्याबरोबर रडायची आणि जायची. मेलेल्या लाजराला, आपल्या मित्राला, उठवणार हे येशूला ठाऊक होतं, तरी तो रडला. हे मला तिच्यामुळे कळलं. मंडळीत परत गेले तीही तिचा हात धरूनच.

अजून मध्येच असलेला

माझ्याजवळ साक्ष नाही. मुलगा आठ वर्षं दारूत आहे. दोनदा सोडली, दोनदा परत लागली. बायबलमधल्या मार्कच्या शुभवर्तमानाच्या 9 व्या अध्यायातला, पिडलेल्या मुलाचा बाप येशूला म्हणतो, मी विश्वास ठेवतो, माझा अविश्वास घालव. येशूने त्याला "आधी विश्वास पक्का कर, मग ये" असं सांगितलं नाही. मुलाला बरं केलं. माझी प्रार्थना रोज तेवढीच असते. तो घरी येईपर्यंत बाहेरचा दिवा चालू ठेवतो. त्याचं नाव इथे लिहीत नाही. प्रार्थनेत "त्या बापाचा मुलगा" एवढं म्हणा, देवाला कळेल.

धागा सुरू करणारी

दादा, आज रात्रीपासून म्हणते.