विषय: जुन्या लँड रोव्हरमध्ये टर्बो इंजिन, कोणी घरी बसवलंय का?

मंडळी नमस्कार,

दोन महिन्यांपूर्वी १९७९ ची सिरीज ३ घेतली, ८८ इंची (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर), आत मूळचं २.२५ लिटरचं डिझेल. इथल्या, इंग्लंडच्या पीक डिस्ट्रिक्टच्या चढावर दुसऱ्या गिअरमध्ये रांगते आणि मागे गाड्यांची रांग लागते. जवळच एका डिस्कव्हरीतलं (लँड रोव्हरचंच नंतरचं मॉडेल) २०० टीडीआय, म्हणजे टर्बो डिझेल इंजिन, मिळतंय, बॉडी गंजून संपलीय पण इंजिन स्टार्ट होतं, मी ऐकून आलो. घरी ड्राइव्हवेवर बसवता येईल का? पिकनिकला कोणीतरी म्हणालं की लीड्सच्या काकांनी हे केलंय.

– अ., डर्बी

---

अ.,

हो, मीच तो. साताऱ्याला मामांच्या गॅरेजात पेट्रोलच्या जीपा डिझेल होताना बघत मोठा झालो, त्यामुळे इकडे आल्यावर सिरीज दिसली की हात शिवशिवायचे. इंजिन चांगलंच निवडलंयस. तुझं आत्ताचं साधारण ६२ हॉर्सपॉवर देतं, हे १११, आणि ओढ तर जवळजवळ दुप्पट, तीही १८०० आरपीएमलाच. पंप बॉशचा, पूर्ण मेकॅनिकल, कॉम्प्युटर नाही काही नाही, इंजिन बंद करणाऱ्या सोलेनॉइडला (विजेवरचा व्हॉल्व्ह) इग्निशनवरून एक वायर दिली की झालं. हीटर प्लगची (थंड इंजिन सुरू करायला तापतात ते) वायरिंग मात्र नवीन कर, जुन्या इंजिनात प्लग एकामागे एक साखळीसारखे जोडलेले असतात आणि टीडीआयचे प्रत्येकी १२ व्होल्टचे, जुन्या वायरीवर लावलेस तर तापणारच नाहीत.

पण आधी ब्रेक. हे मी कळकळीने सांगतोय. ८८ ला चारी बाजूंना १० इंची ड्रम आहेत, ते ६२ घोड्यांच्या हिशोबाने दिलेले. पुढे १०९ चे (लांब सिरीजचे) ११ इंची ड्रम बसव, सर्वो (व्हॅक्यूमने ब्रेक पेडलला जोर देतो तो) लाव (टीडीआयला व्हॅक्यूम पंप असतोच), आणि गाडी सरळ रेषेत थांबते हे जुन्या इंजिनावरच बघून घे, मगच क्रेन भाड्याने आण. इंजिन आधी बसलं की माणसाला चालवायचा मोह आवरत नाही आणि ब्रेक मग राहून जातात, मी दोन गाड्यांच्या बाबतीत हे डोळ्यांनी बघितलंय.

आता अडचणीची जागा. डिस्कव्हरीच्या २०० टीडीआयचा टर्बो खाली असतो, डिफेंडरचा (सिरीजनंतरची लँड रोव्हर) वर. खालचा टर्बो सिरीजच्या चेसिसवरच्या फाउंडेशनला (इंजिन ज्यावर टेकतं ते) अडतो, म्हणून एकतर डिफेंडरचा मॅनिफोल्ड आणि टर्बो शोध (महाग पडतो) नाहीतर फाउंडेशन कापून नव्याने वेल्ड करून घे, पण ते वेल्डिंग येणाऱ्या माणसाकडूनच. टर्बोतून तेल परत खाली येतं ती नळी उतरतीच राहिली पाहिजे, कुठे मुडपली की तेल साचतं, सीलमधून आत जातं आणि सायलेन्सरमधून निळा धूर. माझ्याकडे नेमकं हेच झालं, टर्बो गेला समजून मी दुसरा विकत घेतला आणि धूर तसाच, शेवटी खाली झोपून टॉर्च मारला तेव्हा नळीला पडलेली घडी दिसली.

दुसरं म्हणजे क्रँकच्या मागच्या टोकातलं ते छोटं पितळी बुश. तुझ्या गिअरबॉक्सच्या शाफ्टला बसेल त्याच मापाचं हवं, मोजून घे. मी मोजलं नव्हतं. इंजिन गिअरबॉक्सपासून बोटभर लांब अडकलं, मी बोल्ट आवळून ओढायला निघालो होतो, बायकोने हात धरला म्हणून हाउसिंग (गिअरबॉक्सचं कवच) वाचलं. हाताने सरकत नसेल तर काहीतरी चुकतंय, बाहेर काढ आणि बघ.

टायमिंग बेल्ट इंजिन बाहेर असतानाच नवा टाक. तुझ्या जुन्या इंजिनात चेन होती, इथे बेल्ट आहे, तुटला तर पुशरॉड वाकतात. इंटरकूलर (टर्बोची गरम हवा थंड करतो तो) वगळू नकोस, सिरीजच्या पुढच्या पॅनलमध्ये जागा करायला कापाकापी करावी लागते पण कर.

– लीड्सचे काका

---

काका, खूप आभार, ब्रेकपासूनच सुरू करतो. एक राहिलं, मूळच्या ४.७ च्या डिफवर (डिफरन्शियल, चाकांच्या अ‍ॅक्सलमधले गिअर) हायवेला इंजिन किंचाळेल ना?

– अ.

---

किंचाळेल. डिस्कव्हरी स्क्रॅपला जायच्या आत तिचे ३.५४ चे डिफ काढून ठेव, दोन्ही. चढावर पहिला गिअर जरा लांब वाटेल, तेव्हा लो रेंज (जास्त ओढीचे, हळू गिअर) आहेच. मात्र स्पीडोमीटर डिफच्या आधीच्या ट्रान्सफर बॉक्सवरून चालतो, त्याला डिफ बदललेला कळत नाही, काटा ४५ वर असताना तू खरा ६० ने जात असशील, तो कॅलिब्रेट करून घे. आणि क्लच हळू सोड, हाफ शाफ्ट (डिफपासून चाकांपर्यंतचे दांडे) जुनेच आहेत.

– काका

---

मध्येच बोलते. कागदपत्रं विसरू नकोस, इंजिन नंबर आणि सीसी (२२८६ चे २४९५) बदलल्याचं डीव्हीएलएला (गाड्यांची नोंदणी करणारं सरकारी खातं) व्ही५सी वर, म्हणजे नोंदणीपत्रावर, कळवायचं, आणि इन्शुरन्सला गाडी रस्त्यावर आणायच्या आधी, नंतर नाही. ४० वर्षांवरच्या गाडीला एमओटी (दरवर्षीची सक्तीची तपासणी) माफ असते पण मोठे बदल नसतील तरच, तेव्हा तू सरळ एमओटी करूनच घे, तेवढेच ब्रेक दुसऱ्या कोणीतरी तपासले जातील.

– काकू (वरच्याच घरातून)

---

काकू, नक्की. ११ इंची ड्रमची शोधाशोध आजपासून चालू. इंजिन उतरवायचं गणपती झाल्यावर ठेवू का? काका, तुमची क्रेन तेव्हा मोकळी असेल का?

– अ.

---

मोकळी आहे, विसर्जनानंतरच्या शनिवारी घेऊन येतो. बुश आणि व्हर्नियर कॅलिपर टेबलावर काढून ठेव.

– काका